पट्टकदंबांच्या माहेरी

सोलापूरहून तुळजापूरकडे जाताना लागणारा हिप्परग्याचा तलाव, ज्याचे कागदोपत्री नाव एकरूख तलाव असे आहे, हिवाळ्यात आमच्यासारख्या पक्षीनिरीक्षकांची हक्काची जागा असतो. पाणी ओसरून मोकळ्या झालेल्या गाळपेरीत गहू-हरभरा वर येऊ लागला की राखाडी अंगाचे आणि पांढऱ्या डोक्यावर दोन ठसठशीत काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस तिथे थव्याने उतरतात. शेतकरी त्यांना कोवळे पीक फस्त करणारे चोर मानतात, आम्ही दुर्बिणीतून त्यांची मोजदाद करतो, आणि मार्च महिना सरता सरता ते निघून जातात. ते उत्तरेकडे जातात, हिमालय ओलांडतात आणि तिबेट, चीन, मंगोलिया या प्रदेशांत वीण करतात, एवढे मी शाळेत विज्ञान शिकवत असल्यापासून मुलांना सांगत आले होते. निवृत्तीनंतर हातात वेळ आणि थोडी पुंजी आली तेव्हा परदेश पाहायचाच असेल तर मनोरे आणि राजवाडे पाहण्याऐवजी या पक्ष्यांचे तिकडचे घर पाहावे, असे मी ठरवले. मंगोलियात गळ्यात क्रमांकाचे कडे चढवलेले पट्टकदंब महाराष्ट्रातील जलाशयांवर आढळल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे आपल्याकडे येणाऱ्यांपैकी काही पक्षी तरी तिथले असतात, याबद्दल शंका नव्हती.

माझ्या वहिनींना पक्ष्यांचे वेड नाही, पण प्रवासाचे आहे. मी नकाशा उघडून बसले तेव्हा त्या म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही एकट्या जाणार असाल तर मला झोप लागायची नाही; त्यापेक्षा मीच येते." बार्शीचे एक पक्षीप्रेमी दांपत्यही तयार झाले आणि आमचा चौघांचा गट जमला.

अशा प्रवासाची आखणी नेहमीच्या सहलीपेक्षा उलट्या बाजूने करावी लागते, कारण तारखा आपल्या सोयीने नव्हे तर पक्ष्याच्या वर्षाप्रमाणे ठरवाव्या लागतात. पट्टकदंब एप्रिलमध्ये मंगोलियात पोहोचतात तेव्हा तळी अजून गोठलेलीच असतात. मे महिन्यात अंडी घातली जातात, जूनमध्ये पिले दिसू लागतात, आणि जुलैमध्ये मोठ्या पक्ष्यांची पिसे झडतात. हंस आणि बदकांची उड्डाणपिसे एकेक करून नव्हे, तर सगळी एकदमच गळतात, त्यामुळे नवी पिसे येईपर्यंत सुमारे महिनाभर या पक्ष्यांना उडताच येत नाही. मंगोलियातील संशोधक गळ्यात कडी घालण्यासाठी नेमका हाच काळ निवडतात, कारण छोट्या होड्यांतून वळवत वळवत हंसांना काठावरच्या जाळीच्या कुंपणात आणता येते. आम्हाला पक्षी पकडायचे नव्हते, पण पिले मोठी होत असताना आणि आईबाप जमिनीला खिळलेले असताना त्यांना पाहायचे होते. म्हणून आम्ही जुलैचा मध्य धरला. याच महिन्यात ११ ते १३ या तारखांना मंगोलियाचा राष्ट्रीय उत्सव नादम असतो, कुस्ती, घोड्यांच्या शर्यती आणि तिरंदाजी यांसाठी जगभरातून लोक येतात आणि राजधानीतील खोल्या महिनोन् महिने आधी भरतात. आम्ही ज्या पहिल्या पर्यटन कंपनीशी बोललो तिने आधी उत्सव आणि जाता जाता तलाव असा कार्यक्रम आमच्या गळ्यात मारण्याचा बराच प्रयत्न केला. आम्ही उत्सव उरकल्यानंतर उतरण्याचे ठरवले आणि तलावावरचा मुक्काम वाढवून मागितला, तेव्हा दुसऱ्या एका लहान संस्थेने जीवशास्त्र शिकणारी एक तरुण मुलगी वाटाड्या म्हणून देऊ केली. पक्षी पाहण्यासाठी परदेशी जाणाऱ्यांना माझे सांगणे आहे की हॉटेलच्या दर्जाची चौकशी नंतर करावी आणि वाटाड्याला पक्षी कळतात का, हे आधी विचारावे.

व्हिसाचा अर्ज इंटरनेटवरूनच झाला आणि त्याबद्दल सांगण्यासारखे विशेष काही नाही. सामानाबाबत मात्र थोडे सांगते. जुलैत दिवसा ऊन चांगले असले तरी दोन हजार मीटर उंचीवरील रात्री बोचऱ्या असतात, तेव्हा लोकरीचे कपडे, पावसाचा अंगरखा, दुर्बीण, दूरची टेहळणी करण्याचा स्कोप आणि त्याची तिपाई एवढ्यातच वजनाची मर्यादा भरत आली. उरलेली जागा वहिनींनी कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीने भरली. कडक भाकरी महिनाभर टिकते आणि सामानात मोडली तरी तिचे काही बिघडत नाही, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता.

सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, दिल्लीहून विमानाने सोल आणि तिथून उलानबातर असा आमचा मार्ग होता. सोलापूर ते आमचा तलाव हे सरळ रेषेतील अंतर सुमारे चार हजार किलोमीटर भरते. आम्हाला मात्र उत्तर-ईशान्येला असलेल्या ठिकाणी पोहोचण्यासाठी पूर्वेकडे कोरियापर्यंत जाऊन परत पश्चिमेला यावे लागले. उलानबातर हे जगातील सर्वांत थंड राजधानीचे शहर म्हणून ओळखले जाते आणि देशातील जवळजवळ निम्मी वस्ती तिथेच एकवटलेली आहे. देशाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाचपट आहे, पण लोकसंख्या साधारण पस्तीस लाख आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती. हा आकडा मी वाटाड्या मुलीला सांगितला तेव्हा तिचा विश्वास बसेना. आम्हाला मात्र या विरळ वस्तीचा अर्थ शहराबाहेर पडून काही तास गेल्यावरच कळला, कारण गवताळ टेकड्यांमागून गवताळ टेकड्या येत राहिल्या आणि त्यांत कुंपण, बांध किंवा विजेचा खांब दृष्टीस पडण्यासाठी वाट पाहावी लागत होती.

आमची गाडी म्हणजे करड्या रंगाची जुनी रशियन व्हॅन होती, जिला तिकडे फुर्गोन म्हणतात. ती दिसायला ओबडधोबड असते, पण रस्ता संपल्यावर तिचे खरे काम सुरू होते. चालक अबोल होता. वहिनी त्याला पहिल्याच दिवसापासून "दादा" म्हणू लागल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तो त्या हाकेला ओ देऊ लागला. वाटेत काराकोरम येथे थांबलो. तेराव्या शतकात मंगोल साम्राज्याची राजधानी असलेल्या या जागी आता भिंतीवर स्तूपांची रांग मिरवणारा एर्देने झू हा सोळाव्या शतकातील बौद्ध मठ उभा आहे. तिथे आम्ही जेमतेम दीड तास घालवला. इतिहासाच्या अभ्यासकाला हा अन्याय वाटेल, पण आमचे लक्ष पुढे होते, आणि त्या दीड तासातही बार्शीकरांनी मठापेक्षा मठाच्या छपरावर बसलेल्या पक्ष्यांचीच छायाचित्रे जास्त काढली.

आर्खांगाई प्रांतात शिरल्यावर डोंगरांच्या उत्तर उतारांवर लार्च वृक्षांची वने दिसू लागली. तेर्खीन त्सागान नूर हा आमचा तलाव त्याच प्रांतात, सुमारे २०६० मीटर उंचीवर आहे. शेजारच्या खोर्गो नावाच्या ज्वालामुखीतून वाहत आलेल्या लाव्हाने नदीची वाट अडवली आणि मागे पाणी तुंबून हा गोड्या पाण्याचा तलाव तयार झाला. आमच्याकडचा एकरूख तलाव माणसांनी बांध घालून अडवला आणि हा लाव्हाने अडवला, म्हणजे दोन्ही ठिकाणी हंस अडवलेल्या पाण्यावरच राहतात, याची गंमत वाटली. खोर्गोच्या मुखापर्यंत चढून जाता येते. दख्खनच्या काळ्या पाषाणात वाढलेल्या माणसाला तिथला काळा, सच्छिद्र बसाल्ट अगदी परका वाटत नाही, फक्त आपला खडक कोट्यवधी वर्षे जुना आहे आणि तिथला भूगर्भाच्या हिशेबाने कालपरवाचा आहे. खोर्गो आणि हा तलाव मिळून राष्ट्रीय उद्यान आहे आणि तलावाला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर स्थळाचा दर्जा आहे.

मुक्काम गेरमध्ये होता. लाकडी जाळीच्या भिंतीवर नमद्याचे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे, थर गुंडाळून उभारलेले हे गोल घर पशुपालक कुटुंब काही तासांत उतरवते आणि दुसरीकडे उभे करते. आत शिरताना उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, वस्तू उजव्या हाताने घ्यायची, मधल्या चुलीकडे पाय पसरायचे नाहीत, अशा सूचना वाटाड्या मुलीने गंभीरपणे दिल्या. वहिनींनी यांतली एकही गोष्ट शिकवावी लागणार नाही असे तिला सांगितले. पहाटे चूल पेटवायला येणारी बाई वाळक्या शेणाने जाळ करत असे, तोही वास आम्हाला घरचाच होता. खाण्याचे मात्र तितके जमले नाही. मटणाचे आम्हाला वावडे नाही, उलट सोलापूरकर मटणाबाबत चोखंदळ असतो, पण तिखट आणि मसाला यांच्याशी अजिबात संबंध न आलेले उकडलेले मटण सलग खाणे ही परीक्षा होती. मीठ घातलेला दुधाचा चहा मला दोन दिवसांत आवडू लागला. घोडीच्या दुधापासून आंबवलेले ऐराग मी चाखले आणि मानाने बाजूला ठेवले. वाळवलेल्या दह्याचे आरूल नावाचे दगडासारखे तुकडे वहिनींनी शेंगाच्या चटणीत बुडवून खाल्ले आणि चटणीची पुडी चालकाकडे सरकवली. त्यानंतर ती पुडी त्याच्याकडेच राहिली.

आता मुख्य विषय. पट्टकदंब तलावातील बेटावर, आणि मंगोलियात काही ठिकाणी कड्यांच्या कपारीतही घरटी करतात, पण जुलैमध्ये घरटी रिकामी असतात आणि कुटुंबे काठाच्या गवतात चरायला येतात. पहिल्या सकाळी वाटाड्या मुलीने होडीने जाण्यास साफ नकार दिला. होडी दिसताच न उडू शकणारे पक्षी खोल पाण्यात पळतात, पिले मागे पडतात आणि दमतात, हे तिने पाहिलेले होते. त्याऐवजी काठापासून बऱ्याच अंतरावरच्या उंचवट्यावर तिपाई लावून तिने आम्हाला बसवले आणि उठायचे नाही असे बजावले. मागच्या बाजूने मेंढ्यांचा कळप चरत आला आणि गेला. हंसांनी मेंढ्यांकडे आणि घोड्यावरच्या गुराख्याकडे पाहिलेही नाही, पण आमच्यातील एकाने अंगरखा चढवण्यासाठी हात वर केला तेव्हा काठावरच्या सगळ्या माना एकदम ताठ झाल्या.

हिप्परग्यावर मी या पक्ष्याला वर्षानुवर्षे पाहिले आहे आणि तिथली त्याची एक ठरलेली रीत मला पाठ आहे. माणूस जवळ आला की मान वर होते, घशातून आवाज येतो आणि पुढच्या क्षणी सगळा थवा हवेत असतो. इथे तोच पक्षी धोका जाणवल्यावर चालू लागत होता. एक मोठा पक्षी पुढे, मध्ये पिलांची रांग आणि मागे दुसरा मोठा पक्षी, अशी वरात पाण्याकडे निघे आणि काठावर पोहोचताच सगळे निःशब्दपणे पाण्यात सरकत. पंखांच्या जागी नव्या पिसांची निळसर बोंडे फुटलेली स्कोपमधून स्पष्ट दिसत होती. एक मोठा पक्षी पंख पसरून फडफडला तेव्हा ते पंख इतके आखूड होते की हा पक्षी दोन-तीन महिन्यांत हिमालय ओलांडणार आहे, यावर कोणी विश्वास ठेवला नसता. प्रत्यक्षात उपग्रहाद्वारे माग काढलेल्या पट्टकदंबांनी सात हजार मीटरपेक्षा अधिक उंची गाठल्याची नोंद आहे, मात्र ते एकदा चढून उंचावरच राहतात ही समजूत खरी नाही. ते डोंगराच्या उठावाबरोबर चढतात, दरी आली की पुन्हा खाली उतरतात आणि पुन्हा चढतात, कारण विरळ हवेत पंख मारणे फार खर्चाचे असते. बहुतेक मोठी चढण ते रात्री किंवा पहाटे, हवा थंड आणि दाट असताना करतात. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला इतर हंसांपेक्षा अधिक घट्ट धरते, आणि हे मी फळ्यावर अनेकदा लिहिलेही होते. त्या आखूड, फुटक्या पंखांकडे पाहताना ते वाक्य प्रथमच अवघड वाटले.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट पिलांच्या डोक्यावर होती. अर्धवट वाढलेल्या पिलांना काळे पट्टे नसतातच. त्यांचे कपाळ फिकट आणि डोक्याचा वरचा व मागचा भाग मळकट करडा असतो. आपल्याकडे हिवाळ्याच्या सुरुवातीला थव्यात काही पुसट डोक्याचे पक्षी दिसतात, ते त्याच उन्हाळ्यात जन्मलेले असतात. पिले पहिला प्रवास आईबापांबरोबरच करतात, म्हणून अशा पक्ष्यांजवळ दोन मोठे पक्षी सहसा असतात. हे पुस्तकातून ठाऊक असले तरी पिले अशी प्रत्यक्ष पाहिल्यावर कुटुंबे ओळखण्याची नजर तयार होते. जाण्याआधी आम्ही फक्त एकूण संख्या नोंदवत असू. आता आमच्या गटाच्या हिवाळी नोंदवहीत मोठे पक्षी आणि त्या वर्षीची पिले असे दोन रकाने आहेत, आणि कोणत्या वर्षी वीण बरी झाली असावी, याचा थोडा अंदाज त्यातून येतो. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या लेकीला सासरची माणसे भेटायला जावीत, तसे काहीसे आमचे झाले होते, आणि वहिनींनी हे बोलून दाखवल्यावर बार्शीकर काकूंनी बाळंतविडा आणला नाही म्हणून खंत व्यक्त केली.

ओळखीचे पक्षी आणखीही भेटले. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात जोडीने दिसणारे केशरी चक्रवाक इथे पिलांचा लेंढार घेऊन पोहत होते. रात्री चक्रवाकाच्या जोडीची ताटातूट होते ही कल्पना ज्या संस्कृत कवींनी केली, त्यांना हा पक्षी घरसंसारात कधी दिसला नसावा. मठवासींच्या वस्त्राचा रंग असल्यामुळे बौद्ध प्रदेशांत त्याला पवित्र मानतात, त्याला कोणी हात लावत नाही आणि तोही माणसाला फारसा भीत नाही. परतीच्या वाटेवर गवताळ मैदानात कांड्या करकोच्यांची एक जोडी एका पिलासह चालताना दिसली. आपल्याकडे शेकड्यांनी, आकाश भरून टाकणाऱ्या आवाजात पाहिलेला हा पक्षी तिथे मैलोन् मैल पसरलेल्या गवतात एकटा संसार करतो. चालकाने न सांगता गाडी थांबवली आणि इंजिन बंद केले, याचा अर्थ एव्हाना त्यालाही आमचा नाद लागला होता.

तलावाकाठच्या एका कुटुंबातील आजींनी आम्हाला चहाला बोलावले. हंस तुमच्याकडे काय खातात, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मी गहू आणि हरभरा सांगितले, शेतकरी त्यांना हुसकावतात हेही सांगितले. त्यांना कोणी मारते का, असे त्यांनी विचारले, तेव्हा १९७२ पासून आमच्याकडे वन्यजीव संरक्षणाचा कायदा आहे, शिकार पूर्वी होत असे आणि आता क्वचित होते, असे उत्तर मी दिले. मग बोलणे जनावरांकडे वळले. कोरड्या उन्हाळ्यानंतर कडाक्याचा हिवाळा आला, बर्फाचा कडक थर गवतावर बसला आणि जनावरांना तो खुरांनी फोडता आला नाही, की उपासमारीने आणि थंडीने कळपच्या कळप मरतात. या आपत्तीला ते झुद म्हणतात. २०२३-२४ च्या हिवाळ्यात देशभरात सत्तर लाखांहून अधिक जनावरे मेली. आजींनी आपली किती गेली ते सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मी त्यांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल, चारा छावण्यांबद्दल आणि खडी फोडायला गेलेल्या बायांबद्दल सांगितले. वाटाड्या मुलीला भाषांतर करायला वेळ लागत होता, पण आजी मध्येच मान हलवत होत्या.

जाता जाता एक गोष्ट मला खटकली, तीही नोंदवते. तलावाच्या काठाचे गवत अनेक ठिकाणी अगदी मुळापर्यंत खाल्लेले होते. गेल्या काही दशकांत काश्मिरी लोकरीच्या मागणीमुळे मंगोलियात शेळ्यांची संख्या खूप वाढली, आणि शेळी गवत फार खोलवर कुरतडते. हंस आणि त्यांची पिले त्याच काठावर चरतात. कापडाच्या गावातून आलेल्या आम्हा बायकांना उलानबातरच्या दुकानातील काश्मिरी शालींचा मोह झालाच. वहिनींनी एक घेतली, मी घेतली नाही, आणि त्यावर आमचा विमानतळापर्यंत वाद चालला. शेळ्या विकून मुलांची शिक्षणे होतात, तुम्ही शाल न घेतल्याने गवत वाढणार आहे का, हा त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता.

सोलापूर परिसरातील ज्यांना असा प्रवास करायचा असेल त्यांना एवढेच सांगेन की जूनच्या मध्याला गेल्यास पिले लहान आणि मोहक दिसतात, तर जुलैत ती मोठी झालेली असली तरी पिसे झडलेले मोठे पक्षी पाहता येतात. मात्र जुलै-ऑगस्ट हा तिथलाही पावसाचा काळ आहे आणि एखादा दिवस गेरमध्ये बसून काढण्याची तयारी हवी. ज्यांना परदेशाचा खर्च परवडत नाही त्यांच्यासाठी लडाखमधील त्सो मोरीरी आणि त्सो कार ही सरोवरे आहेत. तिथेही पट्टकदंब वीण करतात, पण ती साडेचार हजार मीटरच्या आसपास असल्यामुळे लेहमध्ये काही दिवस थांबून विरळ हवेची सवय करून घेतल्याशिवाय वर जाऊ नये, विशेषतः साठी ओलांडलेल्यांनी. बार्शीचे दांपत्य पुढच्या वर्षी तिकडे जाण्याच्या विचारात आहे, आणि वहिनींनी कडक भाकरीची जबाबदारी आताच स्वतःकडे घेतली आहे.